मिटल्या डोळ्यांनी पाहिलेला सुरुंग

टाळ मांडीवर ठेवा, मंडळी. मृदंगाचार्य, आपणही जरा हात सैल सोडा. आज मी जो प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे, तो ठेक्यावर म्हणण्याजोगा नाही.

ऐका! माणसाच्या ठायी गुप्त शक्ती आहे की नाही? भिंतीपलीकडचं दिसावं, दूरचं कळावं, दुसऱ्याच्या अंतःकरणातलं न सांगता उमजावं — आहे अशी शक्ती? आणि असेल, तर स्वतःच स्वतःला संमोहित करून, म्हणजे आपल्याच मनाला आपणच गुंगी घालून, ती जागृत करता येते काय?

हसू नका! मी का विचारतो, ते आपणास पुरतं ठाऊक आहे. पलीकडच्या चौकात फलक लागला आहे — 'आपल्यातील सुप्त शक्ती जागवा.' वाचलात ना? त्या चित्रातल्या गृहस्थाच्या कपाळातून किरण निघत आहेत. आणि डोळे मात्र मिटलेले! मिटणारच! स्वतःचेच किरण डोळ्यांवर येत असतील!

असो. कोणी म्हणेल, बुवा, शास्त्रात सिद्धी सांगितल्या आहेत. सांगितल्या आहेत! मी नाकारीत नाही. कोणी म्हणेल, सगळं थोतांड आहे. तेही मी इतक्या घाईनं म्हणणार नाही. मी एक आख्यान सांगतो. उत्तर त्याच्या पोटात आहे.

खडकमाळ नावाचं एक गाव. दुष्काळी टापूतलं. तेथे तुळशीराम आणि मच्छिंद्र असे दोघे सख्खे भाऊ राहत. व्यवसाय — विहिरी खोदणं. वडील लवकर निवर्तले, तेव्हा मच्छिंद्र रांगत होता. तुळशीरामानं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. वयात अंतर एवढं, की परगावी कामाला गेले म्हणजे लोक विचारीत, "पोरगा का हो तुमचा?" तुळशीराम म्हणे, "भाऊ हाय. पर तसंच धरा." माता गजराबाई हयात होती. तिचा सगळा जीव या धाकट्यात.

आता विहिरीचं काम कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो. कारण पुढचं सारं त्यावर अवलंबून आहे. वर काठावर यारी असते. यारी म्हणजे ते लोखंडी यंत्र — तारेचा दोर आणि त्याला टांगलेली मोठी बादली. त्या बादलीतून दगड वर येतो आणि माणूसही त्यातूनच खाली-वर करतो. खाली खडक लागला, की त्याला भोकं पाडायची. भोकांत सुरुंगाची दारू ठासायची. प्रत्येकाला वात लावायची, वाती पेटवायच्या, आणि बादलीत उभं राहून ओरडायचं — "ओढ!" वर आलं, की बांधाआड पडायचं आणि कान देऊन बार मोजायचे. जितकी भोकं, तितके आवाज!

आणि एखादा आवाज कमी भरला तर? तर विहीर सोडायची! त्या दिवशी कोणी वाकूनदेखील पाहायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, की ज्याने वाती पेटवल्या त्यानंच पहिलं उतरायचं. का? तर कुठलं भोक किती खोल, कुठली वात कशी वळवली, हे त्याच्याच हाताला ठाऊक. हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नाही. ज्यांनी तो मोडला ते सांगायला उरले नाहीत. म्हणून उरलेल्यांनी तो पाळला.

आता तुळशीराम. माणूस कष्टाळू, सरळ. एक व्यसन होतं — तंबाखू. यारी चालवणारा शिवमूर्ती नावाचा गृहस्थ होता, जिभेचा फटकळ, मनाचा मोकळा. तो म्हणायचा, "तात्या, पाण्याची वाट कशाला बघताय? तुमच्या पिंकांनीच विहीर भरंल की!"

असा हा तुळशीराम एकदा बाजाराला तालुक्याच्या गावी गेला आणि तेथे एका सभागृहात शिरला. आत स्वसंमोहनाचं शिबिर! पांढऱ्या शुभ्र वेषातले एक सर. सतरंजीवर माणसं उताणी पडलेली. सर मृदू आवाजात सांगत आहेत, "पाय जड झाले... गुडघे जड झाले... आता तुम्ही एक जिना उतरत आहात... खाली, आणखी खाली..."

खाली उतरणं हा तर तुळशीरामाचा जन्माचा धंदा! तो इतरांपेक्षा लवकर उतरला. खोल गेला. आणि तेथे स्वतःला बजावून आला — तंबाखू कडू आहे.

सुटली की हो तंबाखू! हसण्यावारी नेऊ नका. खरोखर सुटली. पुढे दाढ काढायची वेळ आली, तर हा डॉक्टरला म्हणाला, "सुई नको." डोळे मिटले, जिना उतरला. दाढ निघाली, आणि यानं हूं की चूं केलं नाही!

येथवर सारं सत्य आहे, मंडळी. हे मी ठासून सांगतो. आपलं मन आपल्या देहावर राज्य करू शकतं. आपली ओढ, आपली वेदना, आपलं भय — हे सारं आपल्या घरातलं आहे. घरातल्या माणसाला घरात हुकूम चालवता येतो. पण शिबिराच्या अखेरीस सर काय म्हणाले? "तुळशीराम, तुम्ही अजून उंबऱ्यावर आहात. ह्याच शक्तीनं पुढे न दिसणारं दिसू लागतं."

आणि तुळशीराम घरी आला, तो न दिसणारं बघायचा ध्यास घेऊन!

शेजारच्या कलावतीची शेळी हरवली. तुळशीरामानं डोळे मिटले. म्हणाला, "वड्याकडं दिसतीया." शेळी ओढ्यालाच सापडली! गावात बोभाटा झाला. अहो, उन्हाळ्याच्या दिवसांत हिरवं गवत सगळ्या शिवारात फक्त ओढ्याला होतं! शेळीला ते शिबिर न करताच कळलं होतं!

एका घरी सांगितलं, मुलगा होईल. झाला मुलगा. नारळ आला, टोपी आली! दुसऱ्या घरी सांगितलं, मुलगा होईल, तर मुलगी झाली. तेव्हा लोक काय म्हणाले ठाऊक आहे? "तात्यांना बराबर दिसलं व्हतं. मधी कुणीतरी नजर लावली!"

घ्या! नेम लागला तर तात्यांचा, चुकला तर नजर लावणाऱ्याचा. अशा न्यायालयात कोण हरेल?

पण एक ध्यानात ठेवा. तुळशीराम भोंदू नव्हता. तो कोणाला फसवीत नव्हता. डोळे मिटल्यावर त्याला खरोखर दिसत असे. शेळी दिसे, तिच्या गळ्यातली दोरी दिसे, तिची हलणारी दाढी दिसे! भोंदू असता, तर हे आख्यान फार सोपं झालं असतं.

आता ऐका. मच्छिंद्राचं लग्न ठरलं. मुलगी सुवर्णा, शेजारच्या गावची. दारापुढे मांडव पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. आपल्याकडे रीत आहे — हळद लागलेल्या नवऱ्या मुलानं शीव ओलांडायची नाही, आडावर-विहिरीवर फिरकायचं नाही. म्हणून मच्छिंद्र म्हणाला, "आज शेवटचा एक दिवस कामावर येतो. आजचे बार उडवतो, मग नवरा व्हायला मोकळा."

गजराबाई म्हणाली, "अरं, आजच्या दिवशी तरी घरी बस की!"

"आई, घरी बसलो तर ह्या बायका मला गहू निवडायला लावतील. विहिरीत बरा हाय मी."

मांडवातल्या बायका हसल्या. तीही हसली. आणि तो गेला.

दुपार कलली. आठ भोकं भरली. मच्छिंद्रानं वाती पेटवल्या, वर आला. तिघेही बांधाआड पडले — तुळशीराम, मच्छिंद्र, शिवमूर्ती. धडाम! जमीन हादरली. धडाम! पुन्हा. एकामागून एक बार झाले, दगड उडाले, धूर वर आला. मग शांत.

शिवमूर्ती म्हणाला, "मी सात मोजले."

मच्छिंद्र म्हणाला, "दोन एकदम झाले असतील."

"असतील! असतील म्हंजी काय? सुरुंगाच्या कामात 'असतील' चालत न्हाई. उद्या बघू."

"उद्या? उद्या मला हळद हाय!"

पाहा, मंडळी, पेच कसा पडला! विहिरीचा कायदा सांगतो — उद्या उतर, आणि तूच उतर. हळदीचा कायदा सांगतो — उद्या विहिरीकडे फिरकू नको. दोन्ही पाळायचे, तर एकच वाट — विहीर बंद ठेवायची, लग्न होऊ द्यायचं, हळद उतरली की मग बघायचं. एवढं साधं होतं! काय बिघडलं असतं? विहीर पळून जाणार होती?

पण मच्छिंद्र कळवळून म्हणाला, "दादा, बार राहिला हे आईला कळलं, तर ती अपशकुन म्हणंल. लगीन फुडं ढकलंल. तिकडं सुवर्णाच्या घरी सगळी तयारी झालीया. आजच काय ते बघून टाकू."

शिवमूर्ती म्हणाला, "तुझ्या आईला मी सांगतो, आठच्या आठ बार उडाले. पर आज बादली खाली जाणार न्हाई."

येथे विषय संपला असता! पण तुळशीराम उठला. उपरणं झटकलं. म्हणाला, "थांबा. म्या बघतो."

विहिरीत वाकून नव्हे! बाभळीखाली बसला. मांडी घातली. डोळे मिटले. पाय जड झाले, गुडघे जड झाले. जिना उतरू लागला. खाली, आणखी खाली. शिवमूर्तीनंही टोपी काढून हातात घेतली. फटकळ माणूस, पण त्याच्याही मनात कुठेतरी होतं — दाढ काढताना हा हलला नव्हता!

आणि तुळशीरामाला दिसलं! विहिरीचा तळ दिसला. फुटलेला काळा दगड दिसला. कोपऱ्यातलं न फुटलेलं भोक दिसलं. त्याच्या तोंडाशी वात — भिजलेली, विझलेली, पाझराच्या पाण्यात पडलेली. पाण्याचा थेंब वातीवरून ओघळतानाही दिसला!

का दिसणार नाही? अर्धं आयुष्य त्यानं विहिरींच्या तळाशी काढलं होतं. अशी भोकं, अशा वाती, असे थेंब त्यानं किती पाहिले होते! मनानं जुन्या सामानातून नवं चित्र लावलं. आणि चित्र कुठलं लावलं? जे त्याला हवं होतं ते! भावाची हळद उद्या व्हावी, हे त्याला हवं होतं. आपल्या दृष्टीनं ती व्हावी, हेही हवं होतं. मन मोठं आज्ञाधारक चाकर आहे, मंडळी. धन्यानं तोंड उघडण्याआधी ताट वाढतं!

डोळे उघडून तो म्हणाला, "एक बार राहिलाय. पर मेलाय. वात भिजलीया. मच्छिंद्रा, उतर. भोक मोकळं कर आन् ये वर."

शिवमूर्ती यारीच्या दांड्याला हात लावीना. "तात्या, माझं मन घेत न्हाई."

"तुझं मन घेत न्हाई, कारण तुला दिसत न्हाई. मला दिसतंय."

मच्छिंद्र बादलीत जाऊन उभासुद्धा राहिला. हातात पहार. म्हणाला, "शिवमूर्तीमामा, सोडा की! नवरा मुलगा हाय, जरा वाजतगाजत सोडा!"

शिवमूर्तीला हसू आलं. त्या हसण्यात त्याचा नकार विरघळला. बादली खाली गेली.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "दादा! बराबर हाय तुझं! कोपऱ्यात एक राहिलंय!"

तुळशीरामाची छाती फुगली. त्यानं शिवमूर्तीकडे पाहिलं.

मग पुन्हा आवाज आला. जरा निराळा. "दादा... वात कोरडी हाय रं."

मंडळी! हा क्षण नीट पाहा. हे सारं आख्यान मी या एका क्षणासाठी सांगत आहे. खाली जिवंत माणूस आहे. उघड्या डोळ्यांचा आहे. वातीपासून हातभर अंतरावर आहे. तो सांगतो आहे — कोरडी आहे. कोरडी म्हणजे बार जिवंत असू शकतो! आता वरून एकच शब्द जायला हवा होता — "वर ये!" बस्स. बादली तयार होती. शिवमूर्तीचा हात दांड्यावर होता.

आणि वरून काय गेलं?

"नीट बघ! वलीच हाय! म्या बघितलीया!"

हाय रे दैवा! जो बाभळीखाली डोळे मिटून बसला होता, तो तळाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगतो, तू नीट बघ!

शिवमूर्ती ओरडला, "मच्छ्या, ये वर! ह्यो तात्या गेला खड्ड्यात, तू वर ये!"

मग मच्छिंद्राचं हसू ऐकू आलं. म्हणाला, "दादा म्हणतुया म्हंजी आसंल वली. माझ्याच हाताला दगडाची धूळ हाय, म्हणून कोरडी लागत आसंल."

आणि पहार दगडावर वाजली.

त्यानंतरचा आवाज शिवमूर्तीला मोजावा लागला नाही.

मंडळी, पुढचं मी विस्तारानं सांगत नाही. बादलीतून काय वर आलं, ते शिवमूर्तीनं आपल्या धोतरात झाकून घेतलं, एवढंच सांगतो. मांडवात जातं फिरत होतं, हळकुंडं दळली जात होती, बायका गात होत्या. कोणी तरी जाऊन सांगावं लागलं. गाणं एकदम थांबलं नाही. आधी दारातल्या बायका गप्प झाल्या, मग मधल्या. जात्यावर बसलेल्या गजराबाईला सर्वांत शेवटी कळलं. सगळ्या गप्प झाल्यावरही ती एकटीच ओवी म्हणत होती.

दिवस झाले. पाहुणे गेले. तुळशीराम घराच्या कोपऱ्यात बसून राही. आई त्याच्याशी बोलत नसे, रडतही नसे. आणि एका दुपारी ती त्याच्यापुढे येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाली, "तुळशा, डोळं मिट."

"कशाला, आई?"

"मिट म्हंते न्हवं! गावाला शेळ्या दावल्यास. लोकांची पोटातली पोरं दावलीस. मला माझा मच्छिंद्र दाव. कुठं हाय त्यो? जेवलाय का? अंगाला लागलेलं बरं झालं का? बघ आन् सांग."

काय करावं त्यानं? आईची आज्ञा. त्यानं डोळे मिटले. पाय जड झाले. जिना उतरला.

आणि त्याला दिसलं!

होय मंडळी, दिसलं! मच्छिंद्र पाटावर बसलेला दिसला. अंगाला हळद, कपाळाला बाशिंग, अंगावर एक ओरखडा नाही. ताटात पुरणाची पोळी. तोंड भरलेलं, आणि हसतोय! किती स्पष्ट! तुपाचा ओघळ मनगटावर आलेला, तोही दिसला.

वातीवरच्या थेंबाइतका स्पष्ट. तितकाच! तसूभर कमी नाही, तसूभर अधिक नाही.

तेव्हा त्या माणसाला कळलं, की आजवर आपल्याला जे जे दिसलं ते कुठून येत होतं. जो मेला हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलं, तोही जर इतका जिवंत दिसतो, तर ती वात कसली दिसली होती? ती शेळी कसली दिसली होती?

आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. "आई, तो सुखात आहे, जेवतो आहे," म्हटलं असतं, तर त्या माऊलीला दोन घास गेले असते. गावात त्याचं नावही राहिलं असतं. लोक म्हणाले असते, तात्यांना परलोकही दिसतो! पांढऱ्या वेषातले सर त्याला गादीवर बसवायला आले असते!

त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "आई, मला काय बी दिसत न्हाई."

"आता दिसत न्हाई?"

"कवाच दिसत नव्हतं."

गजराबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग माझ्या लेकराला कुणाच्या डोळ्यानं खाली सोडलास?"

आख्यान येथे संपलं.

पण कीर्तन संपलं नाही, मंडळी. आता मी आपणाकडे वळतो.

प्रश्न होता, शक्ती आहे की नाही? आहे! प्रचंड आहे! ज्या शक्तीनं तुळशीरामाची दाढ दुखली नाही, त्याच शक्तीनं त्याला कोरडी वात ओली दाखवली. ती शक्ती आपलं दुःख मिटवू शकते; आपल्या बाहेरची एक काडीही ती पाहू शकत नाही. पण ती आपल्याला सांगत नाही हो, की इथे माझी हद्द संपली! ते आपल्याला दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकून घ्यावं लागतं. आणि आपण ऐकतो?

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठे शिबिराला गेलो? आम्ही कुठे डोळे मिटतो? थांबा! घरात सून सांगते, छातीत दुखतं. आपण ओट्यावर बसून म्हणतो, "काही नाही, तिच्या मनाचे खेळ आहेत. मला माणसं कळतात!" लेक सासरहून येऊन सांगते, तिथं मला भीती वाटते. आपण म्हणतो, "घराणं चांगलं आहे. मी पाहिलंय!" मुलगा सांगतो, मला हे झेपत नाही. आपण म्हणतो, "झेपतं! नीट बघ!" सांगणारा तळाशी उभा असतो, मंडळी, आणि आपण काठावर! आणि ती लेकरं आपल्यावर इतका विश्वास टाकतात, की आपल्या शब्दासाठी स्वतःच्या हाताला खोटं ठरवतात. मच्छिंद्राला दारूनं मारलं नाही. दादा म्हणतो म्हणजे असेल, या श्रद्धेनं मारलं. श्रद्धा त्याची निर्मळ होती. जिच्यावर ठेवली, ती जागा पोकळ होती!

तेव्हा आज घरी गेल्यावर देवापुढे बसू नका. आधी घरातल्या त्या माणसापुढे बसा, ज्याला आपण कधीतरी म्हणालो — तुला काय कळतंय, मला दिसतंय. त्याला विचारा, तुला काय दिसतंय? आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. जड जाईल. पाय, गुडघे, सारं जड होईल! तरी ऐका.

चला, टाळ उचला. मृदंगाचार्य, हळूच धरा. आता भगवंताचं नाम घेऊ. नित्य आपण डोळे मिटून घेतो. आज मिटायचे नाहीत. कोणीही मिटायचे नाहीत! शेजारी जो बसला आहे, त्याच्या तोंडाकडे बघत घ्या. त्या म्हाताऱ्या आजी कोपऱ्यात एकट्या बसल्या आहेत, त्यांच्याकडेही कोणीतरी बघा.

म्हणा — विठ्ठल!